किलोमागे पाऊण ग्रॅम

गेल्या महिन्यात आमच्या मैदानावर एक धनुष्य फुटलं. सकाळी साडेसहाची वेळ. मी बातमीसाठी नव्हतो गेलो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चालायला गेलो होतो. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला. वळून पाहिलं तर एक पंधरा वर्षांचा मुलगा डावा हात पोटाशी धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी कंपाऊंड धनुष्य पडलं होतं. वरचं पातं उभं चिरलेलं, दोरी चाकावरून उतरून लोंबत होती. मुलाच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठला होता. डोळा वाचला. कसा वाचला, ते तो आणि त्याचं नशीब जाणे.

मी दुसऱ्या दिवशी चार ओळी छापल्या. 'सरावादरम्यान धनुष्य तुटले, खेळाडू बालंबाल बचावला.' झालं. आमच्या धंद्यात अशी बातमी तिथेच संपते.

पण त्या मुलाचे वडील तिसऱ्या दिवशी ऑफिसला आले. सोयाबीनवाला माणूस, सोसायटीचं कर्ज काढून पोराला धनुष्य घेऊन दिलेलं. शहरातल्या ज्या दुकानातून घेतलं, त्यांनी फोनवर सांगितलं की हे वॉरंटीत बसत नाही, कारण तुमचे बाण हलके होते. ते मला म्हणाले, "भाऊ, बाण म्हणजे बाण. त्याले काय तोलून घ्याचं असते?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी हेच वाचत बसलो, माहीतगारांना विचारत बसलो. जे समजलं ते लिहितोय, कारण आपल्या तालुक्यात कंपाऊंड धरणारी पोरं आता पुष्कळ झाली आहेत आणि त्यांच्या घरातल्या कुणालाही हे माहीत नाही. मलाही नव्हतं.

आधी हा खेळ आपल्याकडे एवढा का वाढला ते बघा. 2023 च्या मे महिन्यात आपल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले. तिघंही कंपाऊंडवाले. भरीला 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच आली. शिवाय दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहेच. मग शेतकऱ्याच्या घरात दीड-दोन लाखांचं धनुष्य येतं यात नवल नाही. याच मैदानावर पूर्वी पोरं बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंड खेळायची. बांबू मोडला तर हळहळ वाटायची, कर्ज अंगावर पडत नव्हतं.

आता मुद्द्याचं. धनुष्य ओढलं की पात्यांमध्ये ताकद साठते. सोडलं की ती ताकद कुठेतरी जायलाच हवी. बाण पुरेसा जड असला की त्यातली बरीचशी बाण घेऊन जातो. बाण हलका असला की तो लवकर निसटतो आणि उरलेली ताकद धनुष्यातच राहते: पात्यांत, चाकांत, दोरीत, आणि थोडी धरणाऱ्याच्या हातात. हे पटत नसेल तर एक करा. क्रिकेटचा चेंडू जोर लावून फेका, मग कागदाचा बोळा तेवढ्याच जोराने फेका. बोळा फेकताना खांद्याला जो हिसका बसतो, तोच हिसका धनुष्याला बसतो. बाण न लावताच दोरी सोडणं याला पोरं 'ड्राय फायर' म्हणतात. त्याने एका फटक्यात धनुष्य मोडू शकतं, हे मैदानावरच्या सगळ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. फार हलका बाण म्हणजे अर्धामुर्धा ड्राय फायर, आणि तो दिवसाला दीडशे वेळा. हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

मग किती जड म्हणजे पुरेसं? या खेळात बाण 'ग्रेन'मध्ये तोलतात. आपल्या सराफांची जशी गुंज, तसा हा इंग्रजांचा जवाचा दाणा. एका ग्रॅममध्ये 15.43 ग्रेन. धनुष्याची ताकद पौंडात मोजतात. सर्वसाधारण नियम असा की धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचं वजन कमीत कमी 5 ग्रेन हवं. धनुष्य 50 पौंडाचं असेल तर पूर्ण बाण 250 ग्रेनच्या खाली नको, 60 पौंडाचं असेल तर 300 च्या खाली नको. पूर्ण बाण म्हणजे पुढचं टोक, मागची खाच, पिसं, सगळं धरून. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात हा किंवा याच्या आसपासचा आकडा असतो. एखाद्या कंपनीने जास्त सांगितला असेल तर त्या धनुष्यापुरता तोच खरा. धनुष्याच्या खोक्यातलं ते पुस्तक आपण उघडत नाही आणि दुकानदार उघडायला लावत नाही.

हे 5 ग्रेन म्हणजे कडेलोटाची कडा आहे हे लक्षात घ्या. जाहिरातीत धनुष्याचा जो वेग छापतात, सेकंदाला तीनशे चाळीस फूट वगैरे, तो 70 पौंडाच्या धनुष्यावर, 30 इंची ओढीवर, 350 ग्रेनचा बाण लावून काढण्याची पद्धत आहे. भागून बघा, बरोबर 5 येतात. म्हणजे धनुष्य जास्तीत जास्त पळवून दाखवायला जो बाण लावतात, तो आपलं पोर रोज लावतं. रोजच्या सरावाला सहा-साडेसहा ग्रेन धरले तर धनुष्यही शांत चालतं आणि हातालाही बरं पडतं. यात मी तज्ज्ञ नाही, पण ज्या जुन्या खेळाडूंशी बोललो त्यांच्यातल्या एकानेही पाचाची भलामण केली नाही.

पौंड आणि ग्रेन आपल्या माणसाच्या डोक्यात बसत नाहीत. म्हणून मी माझ्यापुरता एक हिशेब केला. धनुष्याची ताकद किलोत घ्या, बाणाचं वजन ग्रॅममध्ये घ्या. किलोमागे पाऊण ग्रॅम. एवढं असेल तर पौंडामागे सव्वापाच ग्रेन होतात, म्हणजे कडेपासून थोडे आत. 50 पौंड म्हणजे 22.7 किलो, त्याला 17 ग्रॅमचा बाण. 60 पौंड म्हणजे 27.2 किलो, त्याला साडेवीस ग्रॅम.

त्या मुलाचा उरलेला एक बाण मी बाजारपेठेतल्या ओळखीच्या सराफाकडे नेला. आधी त्यांना वाटलं बाणाला चांदी बसवायची आहे. काट्यावर ठेवला, 14.4 ग्रॅम भरला. म्हणजे 222 ग्रेन.

हे बाण जुने होते. अकादमीतल्या मोठ्या खेळाडूने नवे घेतले तेव्हा हे त्याने स्वस्तात दिलेले. या मुलाची ओढ लहान म्हणून पुढून कापून 26 इंचाचे केले, आणि कापलेला प्रत्येक इंच म्हणजे कमी झालेलं वजन. नळी हलक्यातली, टोक 60 ग्रेनचं. तेव्हा मुलाचं धनुष्य 44 पौंडावर होतं. 222 भागिले 44, पाच आणि वर चिमूटभर. कसंबसं बसत होतं. मग जिल्हास्पर्धा आली. मुलगा वर्षभरात वाढलेला, दंडात जोर आलेला. प्रशिक्षकांनी पात्यांचे बोल्ट पिळून धनुष्य 52 वर नेलं. स्पर्धेआधी ताणकाट्यावर मोजलंही, ते त्यांनीच मला सांगितलं. धनुष्य मोजलं आणि बाण तेच राहिले. 222 भागिले 52 करा. सव्वाचारच्या आसपास येतं. किलोमागे पाऊण ग्रॅमच्या हिशेबाने 17.7 ग्रॅम हवे होते, तिथे सव्वातीन ग्रॅम कमी पडले.

सव्वातीन ग्रॅम. सराफाकडे एवढ्या फरकावर माणसं भांडतात.

पातं यामुळेच चिरलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. ते धनुष्य मध्यंतरी एकदा रिकामं सुटलं होतं असं दोन पोरांनी मला हळूच सांगितलं, आणि त्यानंतर ते कुणी उघडून तपासलं नाही. उन्हात मोटारसायकलवर बांधून नेलेलं धनुष्य, वर्षभर न बदललेली दोरी, ही कारणंही असू शकतात. पण दुकानदाराला नाही म्हणायला जे कारण लागत होतं ते आपणच त्याच्या हातात दिलं. माहितीपुस्तकात वजन लिहिलेलं आहे, बाण त्याच्या खाली आहे, विषय संपला. दुकानदाराचं कागदावर चुकलं नाही. विकताना त्याने धनुष्यासोबत बाण कुठले लावणार हे विचारलं नाही, हे कागदावर येत नाही.

प्रशिक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे. मला तेही अर्धवट वाटतं. लहान पोरांना हलके बाण देण्यामागे कारण असतं. कंपाऊंडचं निशाण 50 मीटरवर. चाळीस-बेचाळीस पौंडाचं धनुष्य आणि जड बाण असला तर बाण वाटेत इतका खाली येतो की निशाणदर्शक खाली सरकवत सरकवत त्याची जागाच संपते. हलका बाण तेवढ्या ताकदीत 50 मीटर गाठतो. म्हणून सुरुवातीला तो देतात आणि ते चूक नाही. चूक पुढे होते. धनुष्य दर दोन-तीन महिन्यांनी दोन-चार पौंडांनी चढत जातं आणि बाण दोन वर्षं तेच राहतात, कारण डझनभर चांगले बाण म्हणजे घरच्या माणसाला पुन्हा मोठा खर्च. शाळेचा गणवेश आखूड झाला की आईला दिसतो. बाण आखूड झालेला कुणालाच दिसत नाही.

आणखी एक गैरसमज पालकांमध्ये आहे. कंपाऊंडची गंमत अशी की पूर्ण ओढल्यावर चाकं वळतात आणि हातावरचा भार एकदम उतरतो. 50 पौंडाचं धनुष्य शेवटी बारा-पंधरा पौंडांवर धरून ठेवता येतं. एक आजोबा मला सांगत होते की नातवाचं धनुष्य पंधरा पौंडाचं आहे. नाही आजोबा. बाणाचा हिशेब मधल्या सगळ्यात जड ठिकाणच्या ताकदीवर करायचा, शेवटच्या धरून ठेवण्यावर नाही.

मग कुणी म्हणेल, सोपं आहे, पुढचं टोक 60 चं काढून 110 चं बसवा, वजन झालं. थांबा. इथे दुसरा धोका आहे आणि तो धनुष्याला नाही, हाताला आहे. बाण सुटताना धनुकलीसारखा वाकतो. किती वाकावा हे नळीच्या ताठपणावर असतं, त्याला 'स्पाइन' म्हणतात. 28 इंचांच्या अंतरावर नळी दोन टेकूंवर ठेवून मध्ये 880 ग्रॅमचं वजन टांगतात. अर्धा इंच झुकली तर स्पाइन 500. आकडा जितका मोठा तितका बाण नरम. आता पुढे जड टोक लावलं की तोच बाण सुटताना आणखी नरम वागतो. धनुष्याची ताकद वाढवली तरी तेच. मऊ बाणाला जास्त ताकद दिली की तो इकडेतिकडे जातो हे एक, आणि कधी सुटतासुटताच मोडतो हे दुसरं. कार्बनची नळी मोडली की तिच्या सुईसारख्या चिरफाळ्या होतात. त्या पुढच्या हाताच्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी घुसतात. ते शस्त्रक्रिया करूनच काढावे लागतात, आणि डॉक्टरलाही सहज दिसत नाहीत. म्हणजे वजन वाढवायचं तर नळीच जरा जड आणि ताठ घ्यावी लागते, बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात आपली ताकद आणि लांबी बघून. तेवढे पैसे नसतील तर एक उपाय फुकट आहे: बोल्ट उलटे फिरवा आणि धनुष्य खाली आणा. वरचा जितका तितकाच खालचा. स्पर्धेत दोन गुण कमी पडतील. पडू द्या.

बाण कापण्याबद्दलही एक. ओढीपेक्षा बाण आखूड कापला तर पूर्ण ओढल्यावर त्याचं टोक ज्या टेकूवर असतं तिथून मागे घसरू शकतं, आणि मग सोडलेला बाण सरळ स्वतःच्याच हातात. वाढत्या वयाच्या पोराचा बाण बेताबेताने कापणं म्हणजे वाढत्या पोराचा बूट मापाने घेणं.

रोजचं एक काम पोरं स्वतः करू शकतात. बाण दोन्ही हातांनी धरून थोडासा वाकवायचा, फिरवत फिरवत, कानाजवळ धरून. चर्रर्र असा बारीक आवाज आला की तो बाण मोडून टाकायचा. कोपऱ्यात ठेवायचा नाही, कारण कोपऱ्यातला बाण संध्याकाळी कुणीतरी धाकटा उचलतो.

आता माझं खरं म्हणणं. स्पर्धेला गेलं की साहित्याची तपासणी होते. कंपाऊंड 60 पौंडांच्या वर नाही ना हे बघतात, बाणाची जाडी 9.3 मिलिमीटरच्या वर नाही ना हे बघतात. ती तपासणी स्पर्धा समान व्हावी म्हणून आहे. पोराचा बाण त्याच्या धनुष्याला झेपतो का, हे बघायला तिथे कुणी बसलेलं नसतं. ते काम मैदानाचं आहे, आणि आमच्या मैदानावर दोन डझन पोरं सराव करतात तिथे बाण तोलायचा काटा नाही. ताणकाटा आहे, तो प्रशिक्षकांनी स्वतःच्या पैशाने आणलेला.

मी गेली वीस वर्षं क्रीडा साहित्य वाटपाच्या बातम्या करतोय. फोटो मीच काढतो. पुढारी मध्ये, आजूबाजूला पदाधिकारी, पुढे पोरं धनुष्य धरून. वाटपाच्या यादीत धनुष्य असतं, बाण असतात, टी-शर्ट तर असतातच. काटा कधी पाहिला नाही. दागिने तोलायचा खिशातला छोटा काटा हजार-दीड हजारात येतो, आणि त्यातल्या बऱ्याच काट्यांवर ग्रॅमसोबत ग्रेनही दिसतात. दोन लाखांच्या वस्तूला दीड हजाराची राखण कुणाला सुचली नाही. मलाही नाही. मी त्या फोटोंखाली 'खेळाडूंमध्ये उत्साहाचे वातावरण' असं लिहीत आलो.

माझी मागणी मोठी नाही. ज्या मैदानावर शासनाचा एक रुपया जातो तिथे एक काटा, एक ताणकाटा आणि एक दोनशे पानी वही असावी. वहीत प्रत्येक पोराच्या नावासमोर धनुष्याची ताकद, बाणाची लांबी, बाणाचं वजन आणि तारीख. बोल्ट फिरवला की नवी ओळ. पालकाची सही. दुकानदाराने वॉरंटी नाकारली तरी निदान दाखवायला कागद असेल. अर्थात वही असली की ती भरायलाही माणूस लागतो, आणि आपल्याकडे वह्या पहिल्या दोन पानांनंतर कोऱ्या राहतात हे मला माहीत आहे. तरी दोन पानं तर भरतील.

ताणकाटा वापरताना एक सांभाळा. धनुष्य काट्याला अडकवून ओढताना त्यावर बाण नसतो. हूक सटकला तर तोच ड्राय फायर. हे काम मोठ्या माणसाने, प्रशिक्षक समोर असताना करायचं. घरी पंख्याच्या कडीला सामानाचा काटा लावून हे करू नका. एका घरात झालंय, म्हणून सांगतोय.

त्या मुलाचं म्हणाल तर सध्या तो अकादमीच्या जुन्या धनुष्यावर खेळतो, 40 पौंडावर. हाताचा वळ गेला. पण सोडायच्या आधी डोळे मिटतो, असं प्रशिक्षक सांगतात. नवीन पातं मिळतं का याची चौकशी चालू आहे, वडिलांनी कंपनीला पाठवायचं पत्र माझ्याकडून लिहून नेलं. उत्तर आलं की इथेच कळवीन.

येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ मी मैदानावर आहे. सराफ काकांनी दोन तासांसाठी त्यांचा जुना काटा द्यायचं कबूल केलंय, अट एवढीच की वाऱ्यात ठेवायचा नाही, म्हणून पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत बसू. प्रशिक्षकही थांबणार आहेत. ज्यांच्या घरात कंपाऊंड आहे त्यांनी धनुष्य, वापरातले सगळे बाण आणि खोक्यातलं ते माहितीपुस्तक घेऊन या. पुस्तक सापडत नसेल तर कपाटाच्या वर बघा, आमच्याकडे सगळी पुस्तकं तिथेच असतात.